दमट कपाटातला होकार

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

प्रभूमध्ये सलाम.

रिपोर्ट आले. जुळतंय. रक्त जुळतंय, बाकीचं ते काय काय असतं तेही जुळतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांतही इतकं छान जुळलेलं नेहमी बघायला मिळत नाही. मी म्हटलं, बाई, आम्हा दोघांचं जन्मात पहिल्यांदाच काहीतरी जुळलंय.

आता तू उड्या मारू नकोस. किडनी द्यायला मी अजून हो म्हटलेलं नाही. आणि फोनही करू नकोस. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून आईचाच नियम बरा. आठवतं ना, भांडलो की दोघांना दोन टोकांना बसवून कागद द्यायची आणि म्हणायची, काय ओरडायचंय ते लिहून ओरडा.

तर ओरडते. मला भीती वाटते. आई ऑपरेशनच्या टेबलावर चालत गेली होती रे, स्वतःच्या पायांनी, जाताना मला म्हणाली की तवा तापत ठेव, आलेच. ती आलीच नाही. तेव्हापासून दवाखान्याचा नुसता वास आला तरी मी रस्ता बदलते. त्यात आमचे हे. रोज एकच पालुपद, 'तुला काही झालं तर मी काय करायचं?' माणूस फरशा बसवतो, दिवसभर गुडघ्यांवर असतो, घरी आला की माझ्या मागे लागतो.

म्हणून मी देवाला सरळ विचारलंय. तुझी इच्छा असेल तर चिन्ह दाखव. आणि असं दाखव की माझ्यासारख्या मठ्ठ बाईलाही कळावं. त्याने दाखवलं की मी डोळे मिटून येते. तोवर कशावरही सही करणार नाही. तू हसशील, हस. देवळाची पायरी तू सोडलीस, मी नाही सोडली.

जेवत जा वेळेवर. पाणी मोजून पी.

तुझी
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझा प्रभू तुझ्यापाशी राहू दे, मी सलाम तेवढा घेतो.

हसलो नाही. खरंच नाही हसलो. भीती वाटते म्हणालीस ते वाचून उलट बरं वाटलं. मला वाटायचं, घाबरण्याचा मक्ता एकट्या माझ्याकडेच आहे.

वेळ घे. माझं काय, डायलिसिसचं मशीन आहे, मी आहे. आठवड्यातून तीनदा जातो, खुर्चीत पडतो, शेजारच्या खुर्चीतला निवृत्त मास्तर मला शब्दकोड्यातले शब्द विचारतो आणि मी मुद्दाम चुकीचे सांगतो. डेपोत साहेबांनी मला सुट्या भागांच्या खिडकीवर बसवलंय. बसखाली झोपायचो तो मी आता खिडकीतून नट-बोल्ट देतो आणि मेकॅनिक लोकांकडून सह्या घेतो. बढतीच म्हण.

डाव्या हातातली शीर जरा कुरकुर करते. सुई नीट बसत नाही. डॉक्टर म्हणतात, पुढचा महिना-दीड महिना चालेल, मग दुसरी जागा शोधावी लागेल, आणि माझ्या अंगात जागा फार उरलेल्या नाहीत. हे सांगायचं नव्हतं, पण आईच्या नियमात लपवालपवी बसत नाही.

तुझ्या देवाला माझ्याकडून एवढंच सांग, जे काय दाखवायचं ते जरा लवकर.

तुझा
बारक्या


२० फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

प्रभूमध्ये सलाम, आणि हालेलुया! बस खाली आधी. बसलास?

त्याने दाखवलं.

नीट सांगते. सोमवारी नेहमीसारखं, रविवारी मिस्साच्या प्रार्थनेत वाटतात त्या पातळ भाकरीचं, ओस्तीचं काम काढलं होतं. तुला तर माहीतच आहे सगळं, लहानपणी माझ्याइतकंच तूही केलंयस, म्हणजे कडेचे तुकडे खाण्याचं काम. पीठ आणि पाणी, मीठ नाही, सोडा नाही, काही नाही. दोन लोखंडी तव्यांच्या मध्ये भाजून मोठाले पापुद्रे काढले आणि दमट कपाटात ठेवले. तसेच कोरडे कापले तर तडकतात म्हणून ओली फडकी टांगून मऊ करायचे, ही आईची पद्धत. या वेळी गर्मी फार, त्यात मधे मला ताप आला होता, म्हणून पापुद्रे दोन दिवस जास्तच आत राहिले. गुरुवारी सकाळी कपाट उघडलं आणि किंचाळलेच मी.

रक्त, बारक्या. मधल्या फळीवरच्या पापुद्र्यावर लाल ठिपके. एक मोठा, त्याच्याभोवती लहान लहान. ओलसर, चमकणारे. पांढऱ्या पापुद्र्यावर ताजं रक्त सांडावं तसे. आणि मी त्याला विचारलं काय होतं? माझं रक्तामांसाचं देऊ का, हेच ना? जिथे मी रोज हात घालते तिथेच त्याने उत्तर ठेवलं. मी तिथल्या तिथे गुडघे टेकले. अंगावर काटा आला, आत्ता लिहितानाही येतोय.

फादर आले, वाकून बघितलं. म्हणाले, 'ही तर अजून वेदीवरही न गेलेली भाकर आहे. घाई नको, मी वर बिशपांना कळवतो.' तोवर कपाटाला कुलूप लावून किल्ली घेऊन गेले. पण आमच्या ह्यांच्या तोंडाला कुठलं कुलूप! दुपारपर्यंत अर्धी गल्ली दारात. आणि गंमत म्हणजे आता हेच म्हणतात, 'देवानेच सांगितलंय तर आपण कोण आडवे येणार?' बॅगसुद्धा माळ्यावरून त्यांनीच काढली.

तर ऐक. माझा होकार. डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, एप्रिलचा पहिला आठवडा. मला आता तसूभरही भीती वाटत नाही. त्याने बोट धरलंय, मी चालत येणार.

तुझी
ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तू येतेस, बरं झालं. काय लिहू, मला असलं लिहिता येत नाही. डॉक्टरांचाही फोन आला होता, ते खूश आहेत. मास्तरांना सांगितलं तर त्यांनी कोडं बाजूला ठेवून माझा हात धरला. आज मी त्यांना सगळे शब्द बरोबर सांगितले.

ताप कसा आहे? अशक्तपणा असेल तर काम जरा बाजूला ठेव. आणि ती कपाटातली फडकी हल्ली कोण धुतं? तूच का? सहज विचारलं.

भावोजींना सलाम.

तुझा
बारक्या


१ मार्च

प्रिय बारक्या,

प्रभूमध्ये सलाम.

हे काय सुतकी पत्र लिहिलंस? मी तुला जीव द्यायला निघाले आणि तू फडक्यांची चौकशी करतोस! फडकी धुवायला पलीकडच्या आळीतली मुलगी येते, थंड पाण्यात खंगाळून टाकते, माझे हात दुखतात म्हणून तिला ठेवलीय. झालं समाधान? मला कळतं, तुला माझ्या हातांची काळजी. पण असं आडून कशाला, सरळ लिही ना.

इथे नुसती झुंबड आहे. फादर रोज सांगतात, अजून काही ठरलेलं नाही, घरी जा. कोण ऐकतं? कपाट बंद, तर लोक कपाटाला हात लावून जातात. पोस्टातल्या काकू आठवतात? त्या रोज येतात, अर्धा अर्धा तास कपाटाला डोकं टेकून बसतात. काल सांगत होत्या, त्यांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. 'आता त्याच्यावर सोडलंय.' चेहरा इतका शांत होता त्यांचा, मला हेवा वाटला.

मीही त्याच्यावरच सोडलंय. आता फक्त दिवस सरायचे.

तू मात्र पाणी मोजून पी. माझी किडनी फुकट घालवलीस तर कान उपटीन.

तुझी
ताई


५ मार्च

प्रिय ताई,

आज सलामही नको आणि थट्टाही नको. शांतपणे वाच. शक्य असेल तर भावोजींना बाहेर पाठव.

ते रक्त नाही. बुरशीसारखं काहीतरी आहे, लाल रंगाचं. ओलं फडकं नीट उकळलं नाही, त्यात गर्मी असली आणि पिठाचं काही दोन-तीन दिवस जास्त राहिलं की येतं. मला कुठून माहीत, तर मी पाहिलंय. तुझं नुकतं लग्न झालं होतं. आई आजारी होती, फडकी मी धूत होतो, म्हणजे धुतल्यासारखं करत होतो. कपाट उघडलं तर अगदी तू लिहिलंस तसंच. एक मोठा, भोवती लहान लहान, चमकणारे. मीही किंचाळलो होतो. मला वाटलं, देव माझ्यावर कोपला.

आईने मला एक धपाटा घातला आणि म्हणाली, देव नाही, तुझा आळस आहे. सगळे पापुद्रे जाळले. फडकी खदखदा उकळली, कपाट रिकामं करून उकळत्या पाण्याने घासलं, दोन दिवस उन्हात उघडं ठेवलं. पुन्हा कधी आलं नाही. मला बजावलं की कुणापाशी बोलायचं नाही, उगाच बोभाटा होईल आणि लोक एक तर पाया पडायला येतील नाहीतर काम काढून घेतील. तुलाही सांगितलं नसेल. मी तर विसरूनच गेलो होतो.

तुझं वीस तारखेचं पत्र वाचताना पहिल्या मिनिटात मला कळलं होतं. तरी मी तुला 'बरं झालं' लिहिलं. ताई, मला जगायचंय. फार जगायचंय. मी विचार केला, तिला आनंद आहे, तिची भीती गेलीय, मला किडनी मिळतेय, यात कुणाचं काय बिघडतं? दोन दिवस झोप लागली नाही, पण तुला लिहिलंही नाही. मग तुझं पत्र आलं, पोस्टातल्या काकूंचं. त्या बाई गोळ्या सोडून बसल्यात एका बुरशीपायी, आणि ते माहीत असलेला माणूस मी एकटाच.

आणि काकू नसत्या तरी, टेबलावर तू झोपली असतीस आणि मनात म्हणत असतीस की त्याने माझं बोट धरलंय. आणि मला माहीत असतं की धरलेलं नाही. ते मला नाही जमणार.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. फडकी उकळ, कपाट घास, उन्हात ठेव, नवे पापुद्रे तितकेच दिवस आत ठेव. पुन्हा लाल आलं तर मी खोटा.

तुझा होकार तू त्या ठिपक्यांवर दिलास. तो मी परत करतोय. आता तू मोकळी आहेस.

काकूंना आजच्या आज गोळी घ्यायला लाव.

तुझा
बारक्या


१९ मार्च

ताई,

दोन आठवडे झाले, तुझं एक अक्षर नाही. दहा दिवसांपूर्वी भावोजींना फोन केला, ते म्हणाले, 'ती बोलत नाही, घासतेय.' आणि ठेवून दिला.

तुला राग आला असेल तर ये म्हणत नाही. मी डॉक्टरांना सांगितलंय की एप्रिलचं धरू नका. त्यांनी उजव्या हातात नवी जागा शोधलीय, बघू किती चालते. माझ्यापायी तू देवावर रुसू नकोस. त्याचं-माझं जमत नाही ते आमचं आम्ही बघू. तुझं बिघडवलं असेल तर मात्र मला फार वाईट वाटेल.

एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

बारक्या


२४ मार्च

बारक्या,

प्रभूमध्ये सलाम. हो, अजूनही.

मूर्खा, गाढवा, आईच्या लाडाने वाया गेलेल्या! डॉक्टरांना नको म्हणून सांगायला तुला कुणी सांगितलं होतं? किडनी माझी आणि परस्पर निरोप तू देणार? आत्ताच्या आत्ता त्यांना फोन कर आणि एप्रिलचं परत धरायला लाव. मीही केलाय, पण तू पेशंट आहेस, तुझं ऐकतील. मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते चुलीत घालणार होते. खरंच हातात काडी होती. मला वाटलं, तुला देव नाही तर तू माझाही काढून घेतलास. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. पण काकूंच्या घरी मात्र त्याच संध्याकाळी गेले. म्हटलं, काकू, आधी गोळी घ्या, मग माझ्यावर काय ओरडायचं ते ओरडा. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. गोळी घेतली त्यांनी, पण माझ्याकडे बघत नाहीत अजून.

मग फादरांकडून किल्ली घेतली आणि तू सांगितलंस तसं सगळं केलं. फडकी उकळली. कपाट इतकं घासलं की लाकडाचा रंग गेला. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, 'अगं, चमत्कार धुतेस तू.' मी म्हटलं, चमत्कार असेल तर धुतल्याने जाणार नाही.

गेला. नवे पापुद्रे गर्मीत पुरते पाच दिवस आत ठेवले. पांढरेशुभ्र.

रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांना म्हटलं, मला दोन मिनिटं द्या. पुढे उभी राहिले आणि सांगून टाकलं. बुरशी होती, फडकं धुतलं नव्हतं, कपाट माझं आहे, चूक माझी आहे. काही जण उठून गेले. एक बाई म्हणाली, 'हिचाच विश्वास कमी पडला.' लागलं मला ते, फार लागलं. पण मागे नाही घेतलं.

आणि त्यानंतर, बारक्या, मी पुन्हा विचारलं त्याला. आता लपवत नाही तुझ्यापासून. रोज पहाटे देवळात जाऊन बसले. म्हटलं, ते चिन्ह खोटं होतं, ठीक आहे, आता खरं दे. पक्षी दाखव, स्वप्न दाखव, काहीतरी. तो गप्प. फादरांना तुझं पत्र वाचायला दिलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, 'स्वतःच्या जिवावर उदार होऊन त्याने तुला खरं सांगितलं, हेच तुझं चिन्ह नाही का?' मी म्हटलं, फादर, पुरे. आता माझ्या भावाचं पण कपाट करू नका.

ते हसले. मला वाटलं रागावतील.

भीती परत आलीय. ती ठिपक्यांबरोबर गेली होती, ठिपके गेले तशी आली, जशीच्या तशी. टेबल डोळ्यांपुढे येतं, आई येते. आमच्या ह्यांनीही सूर बदलला, बॅग पुन्हा माळ्यावर टाकली आणि म्हणाले, 'देवानं काही सांगितलेलं नाही, मग आता कुणाच्या भरवशावर जातेस?' मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढले आणि बॅग खाली काढली. त्यांनी स्टूल धरलं.

देवावर मी रुसले नाही, ती काळजी तू करू नकोस. तो बोलत नाही, पण पहाटे त्या बाकावर मी एकटी नसते एवढं मला कळतं. तुला नाही पटणार, राहू दे. मी त्याला शेवटचं सांगून आले. म्हटलं, तू काही बोललास तर ऐकेन, नाही बोललास तरी मी निघतेय. अडवायचं असेल तर अडव. आणि नुसतं भीतीने थांबणार नाही, ते मी ठरवलंय.

काल इथल्या दवाखान्यात ती मुलाखत झाली, देणाऱ्या माणसाला एकटं बसवून विचारतात ती. टेबलापलीकडे तीन जण, मधल्या बाई चष्म्यातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, 'तुम्हाला हे द्यायला कुणी सांगितलं?'

मी म्हटलं, 'खूप विचारलं हो, पण कुणीही सांगितलं नाही. मीच देतेय.'

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

तुझी
ताई